पाच वाजताची पाहुणी

दिवाळीनंतरचा दुसरा मंगळवार. माझे यजमान योगेंद्र रात्रपाळीला गेले होते. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये मी, नणंद तृप्ती आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, एवढेच होतो. बाळ माझ्या मांडीवर नुकतं कुठे डोळा लावत होतं. मी एम.ए. झालेली आहे, भूतबित मानत नाही. बाळाच्या उशीखाली चाकू ठेवते तो आईच्या समाधानासाठी, असं मी सगळ्यांना सांगते.

तृप्तीनेच मामाजींना छेडलं, कैलाशदादाचं सांगा म्हणून. "झोप उडन मंग, मले बोल लावू नोका," म्हणत त्यांनी पाय वर घेतले.

कैलाश हा मामाजींचा भाचा. अड्याळकडच्या एका लहानशा रेडिओ केंद्रात काम करायचा. तिथे गाणी नाहीत, नुसत्या गप्पा. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी पाचला गावातल्या कोणाला तरी बोलवायचं आणि अर्धा तास बोलतं करायचं. हे काम रीना करायची. ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि पाचची वेळ कैलाशच्या गळ्यात आली.

गेल्या वर्षी, असेच धान कापणीचे दिवस होते. त्या दिवसाच्या पाहुण्याला आणायला कैलाश मोटरसायकलने गेला. पाहुणे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, हातात विळा. "रेडिओ का पळून चालला?" म्हणाले आणि पुन्हा वाकले. कैलाश रिकामाच परतला. केंद्राच्या साहेबांना मात्र फोनवर सांगून बसला होता, पाहुणे येऊन राहिले.

मग त्याने आदल्या उन्हाळ्याची एक रेकॉर्डिंग काढली. सखाबाई, तलावात मासे धरणारी बाई, मोठी बोलकी. उन्हाळ्याचा उल्लेख तेवढा कापला आणि स्वतः माइकवर ताजं बोलला, आज आपल्यासोबत स्टुडिओत बसल्या आहेत सखाबाई. शेवटी ती हसून म्हणत होती, चला, घरी जातो, बुढा वाट पाहत असन. तेही राहू दिलं. साहेबांनी आपल्या खोलीतून शाबासकीचा अंगठा वर केला.

कार्यक्रम संपून थोडा वेळ झाला, तर दारात एक म्हातारा. धनीराम. हातात सायकल, मागच्या कॅरिअरवर पोत्याची घडी. बसायला मऊ लागावं म्हणून.

"सखू झाली का मोकळी? घ्याले आलो."

साहेब मागेच उभे होते. रेकॉर्डिंग होती म्हटलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं. कैलाशने बाहेर, तलावाच्या बांधाकडे बोट दाखवलं.

"आत्ताच गेली जी. पाळीपाळीनं."

म्हातारा सायकलवर बसलासुद्धा नाही. हातात धरूनच तलावाच्या पाळीकडे धावत सुटला.

मामाजी इथे थांबले. मी बाळाकडे पाहिलं. मीही त्याला रोज दाराकडे बोट दाखवते, बाबा बघ आत्ताच गेला. पण ते वेगळं, असं मला वाटलं.

तिकडे दारात केंद्राची झाडलोट करणारी जनाबाई झाडू घेऊन उभी होती. तिने विचारलं, कोणाला पाठवलं रे त्या दिशेने? सखाबाई तर पोळ्याच्या आधीच वारली.

कैलाशच्या हातात गाडीची चावी होती. पाळीवर जाऊन म्हाताऱ्याला आणता आलं असतं. गेला नाही. काय तोंड दाखवू, म्हणून गेला नाही. रात्रभर त्याला तलावात काही पडल्याचा आवाज येत राहिला. तलाव त्याच्या घरापासून दोन कोस.

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळी धनीराम पुन्हा दारात. जिवंत. हसत. उपकार झाले म्हणून हात जोडत होता.

ते जोडलेले हात कैलाशला पाहवेनात. त्याने मान खाली घातली.

"बाबाजी, मी खोटं बोललो. ते जुनं होतं. सखाबाई आल्याच नोत्या."

"मले मालूम हाय. मीच तं आग देल्ली तिले."

"...मंग?"

"तू बोट दाखवलं ना."

कैलाशने मान वर केली.

"म्हनून गेलो. पाळीवर दिसली. पुढं चालून राहिली होती."

"वळल्या?"

"नाही. पाठमोरीच बोलली. हळू चाला म्हने, काटे रुतून राहिले. घाईत निघाली म्हने... चपला राहिल्या तेथंच."

स्टुडिओत धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढाव्या लागतात. कैलाशने खाली पाहिलं. त्याचे बूट. साहेबांचे. जनाबाईच्या निळ्या.

आणि एक जोड.

बाईचा. टाचा झिजलेल्या.

त्याने वाकून, हात न लावता विचारलं, घेऊन जाता का? म्हातारा नको म्हणाला. ज्याच्या त्याने येऊन घ्याव्या. मग सायकल वळवली. पोत्याची घडी तशीच होती.

"कैलाशदादानं रेडिओवर कबूल नाही केलं?" तृप्तीने विचारलं.

"नाही. माह्यासमोर रडला. रेडिओवर... नाही."

मग तो काम सोडून नागपूरला गेला. पाचला तिथे आता काहीच लागत नाही. त्या वेळेला माइक लावायला नवी पोरं धजत नाहीत. चपला कोणी उचलल्या नाहीत. जनाबाई बाजूने झाडते. ऊन सरळ दारात येतं तिथे, सगळा उन्हाळा आलं.

टाचेखालचा चिखल... अजून ओला आहे.