पंचवीस अक्षरांच्या पुढे

त्या माणसाला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठीमागून, आणि पाहताक्षणी त्याला पायऱ्यांवरून खाली ढकलून द्यावंसं वाटलं.

जुलैची सकाळ. वरून आमच्या ताना शहराची ती थंडगार भुरभुर चालू — छत्री उघडली तर लोक हसतात, नाही उघडली तर केस ओले. बाजाराकडे उतरणाऱ्या दगडी जिन्यावर व्होला मावशीच्या तव्यापुढे आम्ही नऊ जण रांगेत उभे. तांदळाचे गोड मुफू तव्यावरून उतरल्या उतरल्या खावेत, नाहीतर खाऊच नयेत. आणि माझ्या पुढचा हा बाबा, खांद्याला कापडी पिशवी लावून, दोन मुफू मागण्याआधी भाषण देत होता. रांगेत आपल्यापेक्षा वडीलधारी माणसं असताना आपण आधी तोंड उघडतोय, त्याबद्दल त्यांची माफी. लहान असतील त्यांचीही माफी. मावशीच्या चुलीची माफी...

आमच्याकडे लग्नात वक्ते उभे राहतात तेव्हा अशी सुरुवात करतात, मान्य. आधी माफी, मग पूर्वजांची आठवण, मग कुठे मुलीचा विषय. लग्नात छान वाटतं ते. पण सोमवारी सकाळी आठ वाजता?

"अहो, मुद्द्याचं बोला," मी म्हटलं. "दोन हवेत की चार?"

तो वळला. पापण्यांवर पाण्याचे बारीक थेंब, आणि चेहऱ्यावर राग म्हणून नाही. मला तर भांडायचं होतं.

"दोन," तो म्हणाला. "आणि तुमचा खोळंबा केला, त्याबद्दल—"

"तेही नको."

अर्ध्या तासाने तोच माणूस आमच्या ऑफिसच्या दारात. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत, तिथवर तो ओल्या बुटांनी चढून आला होता आणि राबे साहेबांना भेटायचंय म्हणत होता. राबे मीच, म्हटल्यावर त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग श्वास भरून घेतला. मी ओळखलं, माफी येतेय. मी हात वर केला, आणि त्याने निमूटपणे पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

कागद वाचला आणि त्यातली कापाकापी माझीच, हे मला लगेच कळलं.

आता हे सांगायला हवं. मी प्रोग्राम लिहिते. तीन वर्षांपूर्वी एका फुटबॉल क्लबची ओळखपत्रं छापायची होती, तेव्हा मजकुराची बारीकसारीक कामं करणाऱ्या सोळा फंक्शनांची एक लायब्ररी लिहिली होती. एक फंक्शन शब्दांमधल्या जास्तीच्या मोकळ्या जागा उडवतं, एक पहिलं अक्षर मोठं करतं, एक शब्द शोधून त्या जागी दुसरा घालतं. आणि एक आहे 'छाट'. ते पहिली पंचवीस अक्षरं ठेवतं आणि पुढचं फेकून देतं, कारण ओळखपत्रावर तेवढीच मावत होती. काम चालतंय का ते मी स्वतःच्या नावावर तपासलं होतं. राबे हाइंगो. रोमन लिपीत दहा अक्षरं. चाललं. मग ती लायब्ररी सगळ्यांना फुकट वापरायला दिली आणि विसरून गेले.

मादागास्करमध्ये जन्मले, इथेच वाढले, वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचं नाव हजेरीच्या वहीत दोन ओळी खायचं, आणि तरी पंचवीस! स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला मी.

कागद होता शिष्यवृत्तीच्या निवडयादीचा. भाताच्या बियाण्यांचा अभ्यास करायला फिलिपिन्सला दोन वर्षं, एकच जागा. निवड झालेल्याच्या रकान्यात लिहिलं होतं: आंद्रियामानान्तेनासोआहारिमान. बस. पुढे काही नाही.

"आडनाव आंद्रियामानान्तेनासोआहारिमानाना," तो म्हणाला. "अठ्ठावीस अक्षरं. तीन तर आडनावातलीच गेली. आडनाव आधी लिहितात, त्यामुळे माणसाचं नाव यायच्या आतच तुमची कात्री चालली. माझं नाव रादोनिरिना. माझ्या बहिणीचं मियाली. आम्ही दोघांनी अर्ज केला होता, मॅडम. आता आमच्यातलं कोण निवडलं गेलंय, ते आम्हाला माहीत नाही, आणि शिष्यवृत्तीच्या ऑफिसलाही नाही."

त्या ऑफिसने आधी 'छाट' वापरलं आणि मग एकसारखी नावं काढून टाकायचं माझंच दुसरं फंक्शन चालवलं. यंत्राला दोन्ही अर्ज एकाच माणसाचे वाटले, आणि त्याने एक उडवला. मूळ अर्ज त्यांच्याकडे होते, पण हाताने यादी बदलायची त्यांना परवानगी नव्हती. नीट फंक्शन मिळालं तर पुन्हा चालवू म्हणाले. शुक्रवारी चारपर्यंत. नाहीतर दोघंही बाद, आणि जागा पुढच्या नंबरला.

मी म्हटलं, पंचवीसच्या जागी साठ करते, पाच मिनिटांचं काम आहे, बसा. तो बसला. पाच मिनिटांनी अकरा ठिकाणी बोंब झाली. 'छाट' जिथे जिथे वापरलं होतं, तिथे नावं कागदाच्या कडेबाहेर सांडायला लागली. एका दूध संघाच्या पावत्यांवर शेतकऱ्याचं नाव शेजारच्या गाईच्या रकान्यात... आय आय गं.

म्हणजे नवीन फंक्शन लिहिणं आलं. आधी माणसाचं नाव ओळखायचं, ते सांभाळायचं, आणि कापायचंच असेल तर विचारून कापायचं. आणि ते तपासायला लांबलचक नावं हवीत, ढिगाने.

"नावं मी देतो," रादो म्हणाला. "आमचं आख्खं गाव आहे."

मंगळवारपासून तो रोज येऊन माझ्या टेबलाच्या बाजूला बसायचा आणि नावं सांगायचा. अलाओत्रा सरोवराकाठचं त्याचं गाव मला पाठ झालं. आजोबा चौतीस अक्षरांचे. आत्या एकतीस. शाळेचे हेडमास्तर एकोणचाळीस, त्यांनी माझं फंक्शन तीनदा पाडलं. प्रत्येक नावाआधी तो त्या माणसाची परवानगी न घेता नाव घेतल्याबद्दल माफी मागायचा, आणि मी प्रत्येक वेळी म्हणायचे, "पुढे." त्याचे वडील लग्नातले वक्ते होते म्हणे. घरात मीठ मागायलाही प्रस्तावना लागायची. मी म्हटलं, बिचारं तुमचं जेवण. तर तो इतका हसला की खालच्या घड्याळजीने छताला काठी ठोकली.

"तुमचं बरं आहे," तो म्हणाला. "राबे. म्हणून झालं की संपलं. तुम्हाला कुणी प्रेमाने हाक मारायला लागला तर सुरू व्हायच्या आत थांबतो."

"म्हणूनच कुणी मारत नाही. काम करू द्या."

केलं मी काम. पण त्यानंतर एक चूक शोधायला मला तासभर लागला, आणि ती एका स्वल्पविरामाची होती. चिडचिड झाली नुसती. त्याच्यावर, स्वतःवर, त्याच्या ओल्या स्वेटरच्या वासावर.

बुधवारी दुपारी आम्ही भात खाल्ला आणि नंतर रानुव्होला प्यालो, करपलेल्या भाताच्या भांड्यात उकळलेलं ते गरम पाणी. कप हातात घेऊन तो सरोवराबद्दल बोलायला लागला. दर दोन-तीन वर्षांनी पाणी चढतं आणि रोपं कुजतात. पाण्याखाली पंधरा दिवस तग धरणारं बियाणं करायचंय, सहा वर्षं तो त्याच्या मागे आहे. हे सगळं त्याने एकही माफी न मागता सांगितलं. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि माझा कप गार झाला. तेव्हाच मला कळलं की माझं काही खरं नाही.

"मियालीला पण एवढंच हवंय?" मी विचारलं.

"तिलाही. आम्ही दोघं एकाच बियाणे केंद्रावर काम करतो. ती गेलेली मला चालेल का, असं विचारशील तर... चालेल." त्याने कप खाली ठेवला. "आत्ता 'विचारशील' म्हणालो. माफ करा, मला 'विचाराल'—"

"राहू दे," मी म्हटलं. "राहू दे ना तसंच."

गुरुवारी अकरा वाजता हेडमास्तर एकदाचे पास झाले. एकोणचाळीस अक्षरं, नावासकट, जिथल्या तिथे. रादो मुफू आणायला खाली गेला होता. त्या ऑफिसने मूळ अर्ज पाठवले होतेच. मी नवीन फंक्शन चालवलं.

दोन ओळी आल्या. पूर्ण. मियाली, चौऱ्याऐंशी गुण. रादोनिरिना, एक्क्याण्णव.

पडद्याकडे बघत मी तशीच बसले. लाज वाटते सांगायला, पण सांगते. मला मनापासून मियालीचं नाव यायला हवं होतं. तिला मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. आणि काही वाईट करायची गरजही नव्हती. नुसतं आळशी व्हायचं होतं. चाचण्या बाकी आहेत, म्हणायचं. शुक्रवारचे चार वाजू द्यायचे. लायब्ररीत कुणी चूक कळवली की मी तीन-तीन महिने उत्तर देत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाला शंकाही आली नसती. तो सरोवरावर परत गेला असता, दर शनिवारी इथे आला असता... आणि मी आयुष्यभर त्याला भाताबद्दल बोलू दिलं नसतं, कारण मला ऐकवलं नसतं.

जिन्यावर त्याच्या बुटांचा आवाज आला. मी 'पाठवा' दाबलं. मग पडदा त्याच्याकडे वळवला.

त्याने वाचलं. हातातला मुफूचा पुडा तसाच. मग बोटाने स्वतःच्या आडनावाची अक्षरं शेवटपर्यंत मोजली. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता की काय होतं, मला वाचता येईना.

"अभिनंदन," मी म्हटलं. आवाज नको तसा निघाला. "आता खा ते. गार होतायत."

कागदपत्रांना तीन आठवडे लागले. तो गावी गेला, मियालीचा निरोप आला की मी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतेय, तोवर त्या बाईला म्हणावं फंक्शन बिघडवू नकोस. मी ठरवलं होतं की निरोप वगैरे द्यायला जायचं नाही. भरपूर कामं होती मला.

विमानाच्या दिवशी सकाळी दहाला मी व्होला मावशीच्या रांगेत उभी होते, आणि तो जिन्यावरून पेटी घेऊन खाली येत होता. नवा कोट, तीच कापडी पिशवी. रिमझिम होतीच. रांगेतून बाहेर पडले तर नंबर जाणार होता. पडले.

"हाइंगो," तो म्हणाला. पेटी पायरीवर ठेवली, आणि पाठ केल्यासारखं एका दमात बोलून टाकलं, "माझं तुझ्यावर प्रेम आहे. दोन वर्षं थांबशील का? मुद्दा एवढाच."

तीन आठवडे मी हेच ऐकायला झुरत होते, आणि आता माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय?" मी म्हटलं. "मुफू मागताना चुलीची माफी मागतोस, आणि मला मागताना एवढंसं? असं कापून देतात?"

"तूच तर म्हणतेस, मुद्द्याचं बोल..."

"विमान किती वाजता?"

"पाचला."

मी ओल्या पायरीवर बसले. स्कर्टची वाट लागली. "मग सुरुवातीपासून म्हण. सगळं. मी मध्ये बोलणार नाही."

तो उभा राहिला, वडिलांसारखाच उभा राहिला असणार, कोटाची बटणं लावून. आधी वडीलधाऱ्यांची माफी मागितली, आणि रांगेतल्या म्हाताऱ्यांनी मान डोलावली. लहानांची मागितली. चौतीस अक्षरांच्या आजोबांची, एकतीस अक्षरांच्या आत्याची, हेडमास्तरांची, प्रत्येकाचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत घेऊन. व्होला मावशीने तवा उतरवून ठेवला. मग त्याचा आवाज जरा खाली आला.

"आणि माझ्या बहिणीची माफी," तो म्हणाला. "बुधवारी दुपारी, रानुव्होलाचा कप हातात असताना, सहा वर्षांचं सगळं विसरून मी मनात म्हटलं की यादीत मियालीचं नाव येऊ दे. तिच्यासाठी नाही म्हटलं. माझ्यासाठी म्हटलं."

तो माझ्याकडे बघत थांबला. मी मध्येच तोडणार, याची त्याला सवय झाली होती.

"पुढे," मी म्हटलं, आणि डोळे पुसले.