दोनदा टकटक

"आता गळत नाही ना कुठे?" धुलाईच्या दुकानात मशीन दुरुस्त करायला आलेल्या मेकॅनिकने जाता जाता विचारलं. तिथे इस्त्रीच्या कामाला असलेल्या मुलीने हसून मान डोलावली आणि तो गेला. तासाभरात दुकानभर साबणाचं पाणी झालं, मालकीणबाईंचा पारा चढला आणि बिचाऱ्याला पुन्हा धावत यावं लागलं.

"तुम्हीच म्हणालात ना, सगळं ठीक आहे?"

तिने पुन्हा मान डोलावली. तो बघतच राहिला. मग सावकाश म्हणाला, "तुम्हाला... माझं काहीच कळत नाहीये ना?"

तेवढं मात्र कळलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

या परक्या देशात येऊन तिला सात महिने झाले होते. इथली भाषा तिला वाचता येई, लिहिता येई; पण माणसं बोलायला लागली की सगळं डोक्यावरून जायचं. मान डोलावली की माणसं निघून जातात, एवढं ती शिकली होती. सुट्टीच्या दिवशी तर तिच्याशी कुणी अवाक्षर बोलत नसे. फोनवर आई विचारायची, "मैत्रिणी झाल्या का गं?" आणि ती बेधडक "हो" म्हणायची.

मग दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन इस्त्रीच्या टेबलाशी येऊ लागला. मशीन तर ठणठणीत होतं! मालकीणबाई काही दूधखुळ्या नव्हत्या, पण गप्प राहिल्या.

"नियम एकच," तो म्हणाला. "मान डोलवायची नाही. कळलं नाही, तर टेबलावर दोनदा टकटक. मी पुन्हा सांगेन."

"जरा हळू बोल ना..."

"हळू बोललो, तर फक्त माझंच कळेल तुला."

"मला चालेल की," ती पुटपुटली, पण आपल्या भाषेत.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. तू बोल."

सुरुवातीला टकटक करून तिची बोटं दुखायची. तो न कंटाळता पुन्हा सांगायचा — बहिणीचं लग्न, बिघडलेला पंप, लहानपणी हरवलेलं मांजर. थंडी सरता सरता टकटक जवळजवळ थांबली. गुरुवार सोडून दुसरा वार मात्र तिला आवडेनासा झाला.

आणि एका गुरुवारी तो डब्याला हात न लावता, खाली बघत भरभर बोलला, "माझी बदली झालीय. सोमवारी निघतोय. खूप लांब आहे... दोन वर्षं तरी."

शब्द न् शब्द कळला. पहिल्यांदाच, एका दमात.

तिने टेबलावर दोनदा टकटक केली.

त्याने पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा टकटक केली. तिसऱ्यांदा त्याने वर पाहिलं. "कळलंय तुला."

"कळलंय," ती म्हणाली. आणि मग तिचा बांध फुटला. जे त्याच्या भाषेत जमलं नसतं, ते तिने आपल्या भाषेत बोलून टाकलं — "तू गेलास की हे दुकान मला खायला उठेल रे. मला कळतंय की नाही, हे तुझ्याआधी कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. जाऊ नकोस म्हणणार नाही मी... पण मला तू फार आवडतोस, वेड्या."

तो कान देऊन ऐकत होता. त्याची मान हलणार, तोच तो थांबला. हात पुढे करून त्याने टेबलावर दोनदा टकटक केली.

ती डोळे पुसता पुसता हसली आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सांगू लागली. या वेळी हळू.