आतून लावलेली कडी

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

माझी मावसबहीण दमयंती हिच्या बाबतीत हे घडलं. तिनं मला तीनदा सांगितलंय, आणि तिन्ही वेळा जसंच्या तसं. गिरणीचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही. ठिकाण परळ. शनिवार, बारा सप्टेंबर २००९. आणि वेळ रात्रीची नव्हे...

भर दुपारी तीनची.

दमयंती तेव्हा लालबागला चाळीत वडिलांसोबत राहायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडील, म्हणजे आमचे कुशाबाकाका, मूळचे कणकवलीकडचे. गिरणीत विणकर होते. १९८२च्या संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. पुढे त्याच आवारात काचेची ऑफिसं उभी राहिली, आणि नशीब बघा, त्यातल्याच एका ऑफिसात दमयंतीला नोकरी लागली.

काका त्या आवारात कधी पाय ठेवायचे नाहीत. ती म्हणायची, "बाबा, एकदा बघून तरी या."

उत्तर ठरलेलं. "माका नको थंय."

तिची कंपनी ऑनलाइन गेम बनवायची. मारामारीचा नव्हे. कॉम्प्युटरवर एक अख्खं गाव होतं. खेळणाऱ्यानं त्या गावात माणूस होऊन राहायचं, काम धरायचं, शेजार जोडायचा. तुम्ही कॉम्प्युटर बंद केलात तरी गाव चालूच. परत याल तेव्हा कुणाचं लग्न झालेलं, कुणाचं दुकान उठलेलं. आणि तुम्ही जे ठरवाल ते गावातला प्रत्येक माणूस लक्षात ठेवणार. एकदा निवडलं की माघार नाही. या माणसांचं बोलणं लिहायचं काम दमयंतीचं होतं.

गावातला विणकरांचा संपही तिनंच लिहिला होता. संप लांबत जातो, घरात चूल पेटत नाही, आणि एक दिवस खेळणाऱ्याला ठरवावं लागतं... आत कामावर जायचं, की बाहेर उभं राहायचं. वडिलांकडून लहानपणापासून ऐकलेलं सगळं तिनं त्यात ओतलं होतं. काका मान ताठ करून सांगायचे, "दीड वर्ष उपाशी रवलंय, पण भितर गेलंय नाय."

पितृपक्ष चालू होता, म्हणून मालकांनी गेम घटस्थापनेला सुरू करायचं ठरवलं होतं. तोवर बाहेरचे दोनशे जण तो खेळून चुका कळवत होते.

त्या आठवड्यात तेरा जणांनी एकच गोष्ट कळवली.

गावातल्या गिरणीच्या गोदामामागे, भिंतीजवळ एक माणूस उभा आहे. बोलत नाही.

दमयंतीनं तिथं कुणालाच ठेवलं नव्हतं.

तिचा पहिला संशय उत्तमवर गेला. उत्तम म्हणजे त्यांच्यातला प्रोग्रॅमर. नागपूरचा, भारी मस्करीखोर. याआधी एकदा त्यानं तिच्या कॅरेक्टरच्या तोंडी भलतंच काहीतरी घातलं होतं.

"तूच केलंस ना?" तिनं विचारलं.

"नाही ना. गावात माणसं किती? दोनशे बारा. यादीत दोनशे बाराच आहेत. हा यादीत नाही."

"मग दिसतो कसा?"

"तेच तर बघून राहिलो."

तो हसला नाही. पण मस्करी लपवायची असली की उत्तम हसत नसे, हे तिला ठाऊक होतं.

शनिवारी ऑफिस रिकामं होतं. खाली वॉचमन तेवढा. दमयंतीनं ठरवलं, आज याचा छडा लावायचाच. हेडफोन चढवले आणि ती गावात शिरली. बाजारातून, गिरणीच्या फाटकावरून, गोदामाच्या मागे.

तो होता.

पांढरा सदरा, पायजमा. पाठ तिच्याकडे. भिंतीच्या इतका जवळ, की नाक टेकलं असावं. गेममधली बाकीची माणसं उभ्या उभ्या हलायची, श्वास घ्यायची, डोकं खाजवायची.

हा हलत नव्हता.

ती पुढे निघाली तशी फाटकावरची घोषणा थांबली. मग फेरीवाल्याचा आवाज थांबला. मग कावळे. एकेक आवाज कुणीतरी काढून घेतल्यासारखा गेला, आणि शेवटी...

ठक. ठक. ठक.

लाकडावर मारल्यासारखं.

तिनं हेडफोन काढले. ऑफिसात चिडीचूप. परत लावले.

ठक. ठक. ठक.

पण समोर नुसती भिंत होती. दार नव्हतंच तिथं.

आणि पडद्यावर खाली अक्षरं उमटली.

"कुशाबाचा चेडू मां तू?"

कुशाबाची मुलगी ना तू, असं तिला मालवणीत कुणीतरी विचारत होतं. अख्खा गेम हिंदीत होता. त्यात मालवणीचा एक शब्दही तिनं लिहिला नव्हता. आणि वडिलांचं नाव ऑफिसात माहीत असणारा माणूस एकच. उत्तम. तो एकदा घरी जेवायला आला होता.

तिनं त्याला फोन लावला. मागून बायकांचा गलका ऐकू येत होता.

"कुठे आहेस?"

"दादरला. ताईबरोबर भाजीबाजारात. का गं?"

ती फोनवर असतानाच दुसरी ओळ आली.

"बापाशीक इचार."

"उत्तम, तू आत्ता कॉम्प्युटरवर नाहीस?"

"अगं, एका हातात फोन, दुसऱ्यात पिशव्या आहेत माझ्या."

पडद्यावर तिसरी ओळ. "दार भितरसून कोणी लावल्यान?" दार आतून कुणी लावलं.

तिनं फोन खाली ठेवला. तू कोण, असं तिनं टाइप केलं.



मग एकच शब्द. "रामजी."

हे नाव दमयंतीला माहीत होतं. लालबागच्या त्यांच्या चाळीत ते हळू आवाजात घेतलं जाई, आणि त्याला एक शब्द कायमचा चिकटलेला होता. रामजी फितूर. काकांचा गाववाला, त्यांच्याच खोलीत राहणारा. संपाच्या दहाव्या महिन्यात तो गोदामाच्या मागच्या दारानं चोरून कामावर जाताना सापडला, अशी गोष्ट सांगत. चिडलेल्या लोकांनी तिथंच धरून मारला. तिसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात वारला. बायको राधाबाई गावी परतली, तेव्हा चाळीतलं कुणी निरोप द्यायला खालीसुद्धा उतरलं नव्हतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा काका तांदूळ निवडत बसले होते.

ती सहज म्हटल्यासारखं म्हणाली, "बाबा, रामजीकाकांचं नाव निघालं आज ऑफिसात."

काकांचा हात ताटात थांबला.

"फितूर होतो तो. सगळ्यांका ठावक आसा."

काकांनी दोन खडे वेचले. तिसरा तांदूळच होता, तोही बाजूला टाकला. मग खाली मान घालून विचारलं...

"दाराचा काय बोललो तो?"



"बाबा, दाराचं मी काहीच म्हटलं नाही."

काकांनी ताट सरकवलं. सत्तावीस वर्षं जे पोटात ठेवलं होतं, ते त्या संध्याकाळी बाहेर आलं.

चोरून आत जात होते ते स्वतः कुशाबाकाका. दमयंती सहा महिन्यांची, तिला डांग्या खोकला झालेला, घरात दुधाचा थेंब नाही. रामजीला ते कळलं. एका दुपारी तो त्यांना परत न्यायला मागोमाग आला. "भायर ये, कोणाक सांगूचंय नाय," म्हणून दार ठोठावू लागला. तेवढ्यात फितूर शोधणारी माणसं गोदामाच्या कोपऱ्यावरून वळली. त्यांना दिसला तो दारावर हात मारणारा रामजी.

तो मग वेगळंच ओरडू लागला. दार उघड म्हणून.

कडी काकांच्या हाताशी होती.

"मी काढलंय नाय," काका म्हणाले. "तो हॉस्पिटलात तीन दिस होतो. माझा नाव घेतल्यान नाय."

दमयंतीनं विचारलं, "आणि नंतर? लोक त्याला फितूर म्हणत होते तेव्हा?"

काकांनी ताट पुन्हा पुढे ओढलं आणि खडे वेचायला घेतले.

सकाळी काकांनी स्वतःहून धुतलेला सदरा काढला.

"माका घेऊन चल थंय."

रविवार. दुपारचे तीन वाजायला आलेले. वॉचमननं नाव लिहून घेतलं. काका जिन्यावर दोनदा थांबले. ऑफिसात शिरल्यावर तिनं काचेचं दार लावून घेतलं, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि गेम सुरू केला.

पण आज ती बाजारात आली नाही. फाटकावरही नाही.

पडद्यावर अंधारी जागा होती. कापडाचे गठ्ठे. समोर एक बुटकं लाकडी दार.

"ही जागा मी बनवलेलीच नाही," ती पुटपुटली.

"ह्याच," काका म्हणाले. "ह्याच दार."

ठक. ठक. ठक.

आज हेडफोन लावलेले नव्हते. आवाज कॉम्प्युटरमधून येत होता की आणखी कुठून, ते तिला सांगता येत नाही. दारापलीकडे लांबून गलका ऐकू येत होता. धावती पावलं. जवळ येणारी.

पडद्यावर दोन ओळी आल्या. मराठीत.

कडी काढ.

कडी राहू दे.

हे दोन पर्याय तिनं लिहिले नव्हते. पण असे पर्याय लिहिणं हाच तिचा रोजचा धंदा होता. एकदा निवडलं की माघार नाही, हा नियमही तिचाच. तिनं माऊस वडिलांपुढे सरकवला. कसा धरायचा, कुठे दाबायचं, ते दाखवलं. बाण एकदा वरच्या ओळीवर जाई, एकदा खालच्या.

पावलं अगदी दाराशी आली.

आणि तेवढ्यात...

ठक. ठक. ठक.

मागून. ऑफिसच्या दारावर.

दमयंतीनं झटकन मान वळवली.

काचेपलीकडे कुणी नव्हतं. पॅसेज टोकापर्यंत रिकामा. आणि तिला त्याच क्षणी उमगलं... काचेच्या दारावर मारलं तर असा आवाज येत नाही.

लाकडाचा.

एवढाच वेळ, एक श्वास घेण्याइतका. ती परत वळली तेव्हा पडदा काळा झाला होता. मधोमध एकच ओळ.

"कडी तशीच राहिली."

ठोठावणं बंद झालं होतं.

"बाबा, काय केलंत हे?"

काकांचा हात अजून माऊसवरच होता. "मी काढ दाबलंय गो," ते म्हणाले. "वरचा दाबलंय. आईशपथ."

सोमवारी उत्तमनं सगळं तपासलं. रविवारी त्या कॉम्प्युटरवरून गावात कुणी शिरल्याची नोंदच नव्हती. गोदामामागे साधी भिंत होती. त्या तेरा जणांनीही कळवलं, तो माणूस आता दिसत नाही.

"कुणाची तरी मस्करी असेल," उत्तम म्हणाला. पण त्यानंतर शनिवार-रविवारी तो एकटा ऑफिसात बसायचा नाही.

दिवाळीत दमयंती गावी गेली. काकांना सांगून गेली. ते नको म्हणाले नाहीत.

कणकवलीपासून पुढे दीड तासावर राधाबाईचं घर होतं. म्हातारी अंगणात झाडू मारत होती. तिनं डोळे बारीक करून बघितलं.

"कुशाबाचा चेडू मां तू?"

तीच पडद्यावरची ओळ, अक्षरन् अक्षर. राधाबाईनं तिला ओटीवर बसवलं, गूळपाणी दिलं. दमयंतीनं वाटभर मनात वाक्यं जुळवत आणली होती. त्यातलं पहिलं तोंडातून निघायच्या आतच म्हातारीनं विचारलं...

"ह्या खेपेक तरी कडी काढल्यान काय गो बापाशीन?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

राधाबाई आपल्याच प्रश्नाच्या उत्तराची वाट बघत राहिली.

"बाबा म्हणतात, काढली," दमयंती म्हणाली.

"आणि तू काय बघलंस?"

"मी... मी तेव्हा मागे बघत होते."

राधाबाईनं रिकामा तांब्या उचलला.

"कुशाबा खोटा बोलणा नाय, असा अख्खी चाळ म्हणायची," ती म्हणाली. "म्हणान तर माझ्या घोवाक, रामजीक, कोणी इचारल्यानी नाय."

काका २०१३ साली गेले. शेवटच्या दिवसांत माणसं ओळखत नव्हते, पण तेवढं एक वाक्य सुटलं नाही. "मी काढ दाबलंय." तेराव्याला चाळीतली माणसं जमली होती. दमयंतीनं सगळ्यांसमोर रामजीची खरी गोष्ट सांगितली. कुणी मान खाली घातली. कुणी म्हणालं, मेलेल्या बापाबद्दल असं बोलू नये.

वडिलांनी काय दाबलं, हे तिला अजून माहीत नाही. सत्तावीस वर्षं खोटं बोललेल्या माणसाचं शेवटचं बोलणं खरं मानायचं की नाही, याचा निकाल तिच्याच्यानं लागत नाही.

पण तिची झोप उडते ती यामुळे नव्हे.

मागच्या खेपेला ती मला म्हणाली, "रामजीकाका तर पडद्यावरच्या दारापलीकडे होते. ठोठावत होते. मग नेमक्या त्याच क्षणी..."

तिनं मागे वळून दाराकडे बघितलं.

"...मी बघू नये म्हणून माझ्या मागचं दार कुणी वाजवलं?"