पंगतीचा घोष

लातूर जिल्हा नवाच झाला होता. पाट्या रंगल्या, कचेऱ्या आल्या. पाऊस तेवढा नव्या जिल्ह्याचा पत्ता विसरला. म्हणून उदगीरकडच्या त्या गावानं ठरवलं—यंदा पाचही लग्नं एकाच मांडवात, एकाच टँकरवर. कल्पना महानंदाची, आणि पंगतीचा भारही तिनंच मागून घेतलेला.

"पोरीच्या हातात पंगत?" गावचे कारभारी गुरुपादप्पा म्हणाले.

"एकबी माणूस उपाशी उठणार न्हाई, काका. उठला तर पुढल्या साली तुमचं तुम्ही बघा."

लग्नाच्या सकाळी ती हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं पातेलं बघायला निघाली, तर लिंबावरून एक चप्पल धपकन पुढ्यात पडली. वर एक तरुण फांदीला भोंगा बांधत होता.

"ओ, तेवढी वर टाकता का?"

"मी पंगत सांभाळायलेय, चपला न्हाई."

"मग मलाच खाली यावं लागंल... तुमच्यापाशी."

"या की. पडू नका म्हंजे झालं. आज मला लई कामं हायत."

तो देगलूरचा मन्मथ, म्हणजे साक्षात मदन. असलं नाव ठेवताना आईबापानं जरा तरी विचार करायचा!

दुपारी पहिली पंगत बसली. पत्रावळीवर भात, भाजी, चटणी आली होती. हुग्गी यायची होती, मठाचे स्वामी यायचे होते. स्वामींनी महादेवाचा घोष दिल्याशिवाय घास उचलायचा नाही, ही तिथली रीत. तेवढ्यात मुका झालेला भोंगा मन्मथनं लिंबावर चढून दुरुस्त केला. बाकीचे भोंगेवाले 'हॅलो, हॅलो' करतात. हा शिवभक्ताचा लेक. त्यानं तपासायला म्हणून दणक्यात आवाज दिला—

"हर हर महादेव!"

आणि सगळ्या पंगतीचे हात एकदम पत्रावळीत गेले. नेमके तेव्हाच स्वामी मांडवाच्या दारात.

"सांगत होतो मी!" गुरुपादप्पा कडाडले.

महानंदानं लिंबाकडं पाहिलं. मन्मथ फांदीवर माईक धरून पांढराफटक बसला होता. तिनं पदर खोचला.

"पोरींनो, हुग्गी वाढा! तुपासकट, पळत!"

मग ती स्वामींपुढं वाकली. "घोष चुकून आधी झाला, स्वामीजी. उन्हातून आलेल्या माणसांना हातातला घास खाली ठेवा कसं म्हणू? तुमचं पातेलं वेगळं ठेवलंय, झाकण बी काढलं न्हाई. नवरा-नवरींशेजारी पाट मांडू?"

स्वामींनी पंगतीतल्या एका म्हातारीकडं पाहिलं. ती डोळे मिटून भात खात होती.

"मांड, बाळ."

वरून भोंगा बोलला, "चूक माझी हाय... त्या बाईंची न्हाई." एवढं बोलून मन्मथ उतरला तो थेट हुग्गीची बादली घेऊनच, आणि संध्याकाळपर्यंत पंगतीतून पळत राहिला.

गुरुपादप्पांनी हुग्गी दोनदा मागून घेतली. मिशा पुसत म्हणाले, "पुढल्या सालची पंगत कुणाकडं, ते आता इचारायचं कशाला?"

महानंदाची मान अशी ताठ झाली, की पदर सावरायच्या निमित्तानं तिला ती जरा खाली आणावी लागली.

शेवटची पंगत वाढप्यांची. दुपारचाच घोष पुरे म्हणून सगळे जेवू लागले. मन्मथ हात आवरून बसलेला. पलीकडून महानंदा म्हणाली,

"जेवा की."

"घोष कुठं झालाय?"

"आता आठवला?"

"पुढल्या साली... सहा जोडपी बसली तर चालंल का मांडवात?"

"सहावं कुणाचं?"

"अर्धं तर हे पत्रावळीपुढं बसलंय." त्याचा आवाज उतरला. "तुमचं मन असंल तरच घोष द्या. नसंल तर... मी आपला असाच उठतो."

"उपाशी?"

"उपाशी."

समोर गुरुपादप्पा कान देऊन बसलेले. महानंदा उठली. त्या गावात बाईमाणसानं कधी घोष दिला नव्हता. ती तडक लिंबाखाली गेली, माईक हातात घेतला—

"हर हर महादेव!"

अख्ख्या शिवारात ऐकू गेला. आवाज जरासुद्धा कापला नाही. आणि मन्मथचा हात भात-भाजी ओलांडून थेट हुग्गीत गेला.