शीव सोडायची राहिली

हे खरं घडलंय. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलंय. जे तपासता येत नाही, त्यावर माझा विश्वास बसत नाही. हेही तपासून पाहिलं. उत्तर मिळालं नाही.

गेल्या जूनमधली संध्याकाळ. मारेगाव तालुक्यातलं आमचं कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे छोटी वस्ती.

तेलाची पाइपलाइन आमच्या झऱ्याच्या अगदी वरून जाणार होती. एकदा गळती झाली की पोडाला प्यायला पाणी नाही.

त्या दिवशी गावबांधणी होती. पेरणीआधी आम्ही हात धरून शिवेवर उभे राहतो. पुजारी "शीव सोडली" म्हणेपर्यंत हात सोडायचा नसतो.

शिवेपर्यंत चर खणून पाइप टाकून झाले होते; पुढचं खोदायला ते नेमके त्याच दिवशी आले.

माझ्या उजवीकडे कांताबाई, डावीकडे मैना आत्या. समोर जेसीबी आणि ठेकेदाराची काठीवाली माणसं. त्यांचा म्होरक्या रजत.

"नाचाचा कार्यक्रम आहे का, मावशी?" तो हसला.

"हो ना बापू. तू येतं का ढोल वाजवाले?" आत्या म्हणाली.

मग काठ्या चालल्या.

धूळ उडाली. डोकी फुटत होती... कोरडा आवाज, लाकूड फोडल्यासारखा. माझ्या कपाळातलं रक्त डोळ्यांत उतरलं. काही दिसेना. पण डावा हात आत्याने घट्ट धरला होता.

"आत्या, सोडू नोको."



धूळ खाली बसली...

"पोरी," कांताबाई कुजबुजली, "तुह्या डाव्या हाताले कोन हाय?"

कोणीच नव्हतं.

आत्या मागे कोसळली होती. कवटी उघडी. डोकं मारोतीबाबांच्या मांडीवर. बाबा आमचे पुजारी.

"पयल्याच काठीत गेली," ते म्हणाले.

पण माझ्या बोटांत बोटं होती... थंड. ओली.

आत्याची जागा रिकामी बघून रजतने जेसीबीला खूण केली. स्वतः पुढे आला. शिवेवर पाय ठेवला.

त्याचा हात आपोआप वर गेला.

मनगट उलटं फिरलं. मग कोपर. मग खांदा निखळल्याचा आवाज... तो किंचाळत होता, आणि प्रत्येक हिसका माझ्या डाव्या हाताला जाणवत होता.

मग तो चरात फेकला गेला. मान पाइपवर मोडली.

बाकीचे पळाले.

पोलिसांनी 'पडून मृत्यू' लिहिलं. पडताना हात असा उलटा कसा फिरतो, ते लिहिलं नाही.

त्या गोंधळात बाबा "शीव सोडली" म्हणायला विसरले.

परवा ते घरी आले.

"प्रियंका, आता शीव सोडून टाकतो. मैनाले जाऊ दे."

जेसीबी सोमवारी परत येणार आहे. झरा अजून वाहतोय.

"नोको, बाबा," मी म्हटलं.

ते माझ्या डाव्या मुठीकडे बघत राहिले. त्या दिवसापासून ती उघडत नाही. एक्स-रेमध्ये काही दिसत नाही.

हे मी एकाच हाताने टाइप करतेय. 'नोको' म्हटल्यापासून पकड आणखी आवळलीय...

धरून ठेव म्हणतेय, की सोडव म्हणतेय, ते मला कळत नाही.