पाचवा खटका

मोडेमच्या पाठीमागे बारीक खटक्यांची रांग होती, एकेक तांदळाच्या दाण्याएवढा. सगळ्यांवर धुळीचा सारखा थर. पाचवा तेवढा स्वच्छ होता, आणि वर ढकललेला.

मिसबाने भिंग खाली ठेवलं. ती कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. येरवड्यातल्या मामा-मामींच्या या घरी ती आली होती ती डॉक्टरांच्या तक्रारीमुळे. तिचे अझीममामा कृत्रिम श्वासावर होते. ते शुद्धीवर येण्याची आशा डॉक्टरांनी सोडली होती. नळ्या काढायच्या की ठेवायच्या, हे मामीने सांगायचं होतं. पण अख्तरबानूमामी डॉक्टरांची फेरी यायच्या आतच रुग्णालयातून निघून येत. मोबाईल त्यांनी कधी घेतलाच नव्हता. घरी फोन लावावा, तर डॉक्टरांना नुसती किंचाळी ऐकू येई.

किंचाळी कशाची, हे मिसबाला लगेच कळलं. फोनच्या तारेवर जुना मोडेम होता आणि त्याला मामांचा तितकाच जुना संगणक. दर शुक्रवारी तो हडपसरच्या रियाजचाचांच्या संगणकाशी फोनवरून जोडला जाई. दोघा म्हाताऱ्यांचा छंद. पाचवा खटका वर असला की मोडेम आपणहून फोन उचलतो.

पण तो वर केला कोणी?

मामी म्हणाल्या, त्या यंत्राला त्या कधी हात लावत नाहीत. आणि फोन तर हल्ली वाजतच नाही.

मिसबाने रियाजचाचांना बोलावून घेतलं.

"याला शेवटचा हात कधी लावलात?"

"तुझा मामा आजारी पडायच्या आधी. आळच घ्यायचा असेल तर निदान चहा तरी पाज."

"हा खटका मामा सरकवायचे?"

"त्याची बोटं केळ्यांसारखी. शिवाय तो कीबोर्डपाशी बसायचा, खटका टेबलामागे." चाचांनी मामींकडे पाहायचं टाळलं.

मिसबाने मोबाईलवरून घरचा नंबर लावला. घंटी एकदा वाजली आणि मोडेम खोलीभर किंचाळला. मग तिने पेन्सिलीच्या टोकाने खटका खाली केला, मोडेम बंद करून पुन्हा सुरू केला आणि परत नंबर लावला. आता फोन वाजतच राहिला.

"मामी, खटका सरकवला तो धूळ बसल्यानंतर, म्हणजे मामा रुग्णालयात गेल्यावर. तेव्हापासून घरात तुम्ही एकट्याच आहात. मामांची बोटं जाड, म्हणून दर शुक्रवारी त्यांच्यासाठी तो तुम्हीच वर-खाली करायचात. आणि फोन वाजत नाही म्हणालात. पण ही किंचाळी ऐकू न येणं शक्य नाही."

मामींनी नाकारलं नाही. त्या हळूच म्हणाल्या, डॉक्टरांनी विचारलंच नाही, तर ते आहेत तसे राहतील, असं वाटायचं.

कोडं सुटलं होतं. त्याने मामांचा एक श्वासही वाढणार नव्हता.

फोन पुन्हा वाजला. मिसबाचा मोबाईल टेबलावर पडलेला होता; हा फोन तिचा नव्हता.

मामी उठल्या. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला.

"हो, डॉक्टर, मीच बोलतेय," त्या म्हणाल्या आणि सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मी आले की काढा नळ्या."