पेवातलं पिंप

शिक्षण रसायनशास्त्राचं, पण भाकरी मी नाकाच्या जोरावर खात होतो. साताऱ्याजवळ एका पारशी मालकाची बिअरची भट्टी होती. लढाईमुळे विलायती बाटल्या यायच्या बंद झाल्या होत्या, आणि पाचगणीच्या गोऱ्या साहेबांना तर काळी, जड स्टाउटच लागायची. रमची रिकामी पिंपं पडून होतीच. त्यांत ती मुरवावी असं मालकांच्या मनानं घेतलं आणि काम माझ्या गळ्यात आलं.

बिअर मुरवणं म्हणजे लोणचं घालणं नव्हे. उष्म्यात पिंपाचं लाकूड बिअर पितं, गारव्यात परत सोडतं. पिंप श्वास घेतं, असं आमच्या धंद्यात म्हणतात. त्या घेण्यासोडण्यात खारकेची, जळक्या गुळाची चव उतरते. पण आमच्या पत्र्याच्या गोदामात इतकं तापायचं, की उन्हाळ्यात निम्मा माल आंबून जायचा. थंड, एकसारखी जागा हवी होती. तेव्हा मला सासुरवाडी आठवली.

सांगलीजवळ हरिपुरात हळद साठवायला जमिनीत पेवं खणतात. तोंड अरुंद, पोट मोठं, चांगलं दोन-तीन पुरुष खोल. तोंड लिंपलं की आत वारा नाही, उजेड नाही, कीड नाही. चैत्र असो की पौष, गारवा तोच. माझे सासरे लालासाहेब यांचं गोठ्याला लागून असलेलं एक पेव त्या साली रिकामं होतं.

"जावयाची दारू आन् सासऱ्याचं पेव," ते म्हणाले. "गावात तोंड कुटं दाखवू, पाव्हणं?" आणि असं म्हणत पिंप उतरवायच्या दोराला पहिला हात त्यांनीच घातला.

एक पिंप साताऱ्याच्या गोदामात, एक हरिपूरच्या पेवात. माझा हिशेब सरळ होता. पेवात ऊन-थंडी नाही, म्हणजे पिंप श्वास घेणार नाही. फार तर हळदीचा वास लागेल. माझी बायको शालू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. मालकाच्या खर्चानं बायकोला भेटायला येतो म्हणून मेव्हण्यांनी माझी भरपूर थट्टा केली, आणि तीत तथ्य होतं.

चैत्रात पहिला नमुना काढला. पेवात उतरणारा गडी केरबा. त्यानं तोंड उघडून बराच वेळ तसंच ठेवलं, मग दोराला कंदील बांधून आत सोडला. कंदील विझला तर आत माणूस जगत नाही. तो तेवत राहिला, तेव्हा केरबा उतरला आणि बाटली भरून वर आला.

मी वास घेतला. रम. करपलेला गूळ. हळद अजिबात नाही. आणि मोगरा. पुसट नव्हे, भरघोस, पहाटे पाणी शिंपडलेला मोगरा.

नाक दगा देतंय असं वाटलं. अंगणात सासूबाई, साळूबाई, गजरा ओवत होत्या. "ह्या साली मोगऱ्याला वासच न्हाई बगा, जावईबापू. फुलं कशी टपुरी हायत, आन् वास म्हनाल तर पान्यासारका."

मी फूल नाकाशी धरलं. खरंच काही नव्हतं. उन्हाळा कडक आहे, असं मी म्हणालो. साताऱ्याच्या पिंपाला मात्र खारकेचा वास लागला होता, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

वैशाखात केरबा वर आला. हातपाय धुतले, मग म्हणाला, "पाव्हणं, पिंप हुंगतंय."

"म्हणजे?"

"आपुन फूल हुंगतो न्हवं का, तसं. थोडं थोडं. मी हाललो की थांबतंय."

पिंपात वायू धरतो, बुचाची खुंटी काढली की आवाज होतो, असं मी त्याला समजावलं. त्यानं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

त्या नमुन्याला चिकाचा वास होता. ओले केस, उबदार गवत, नुकतं जन्मलेलं जनावर. बाटली हातात घेऊनच मी गोठ्यात गेलो. म्हैस सकाळीच व्यालेली. तिनं रेडकू हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि शिंगानं दूर लोटलं. लालासाहेब त्याच्या पाठीवर मीठ आणि कोंडा चोळत होते. "चाटलं म्हंजे वळकती," ते म्हणाले. "जनावराची वळक वासाची."

म्हशीनं मीठ चाटलं आणि तोंड फिरवलं. मी वाकून रेडकाच्या ओल्या अंगाचा वास घेतला. त्याला मीठ आणि कोंड्याचा वास होता. दुसरा कसलाच नव्हता. ते जगलं नाही.

मला भीती वाटली, हे कबूल करतो. पण शिकलेल्या माणसाला भीतीचंही कारण द्यावं लागतं, आणि मला ते सापडेना. पिंप तसंच राहिलं.

ज्येष्ठ लागायच्या आत शालू बाळंत झाली. मुलगा. मी पोचलो तेव्हा ती थकलेली, पण आनंदानं फुललेली होती. बाळ तिनं माझ्या हातांत दिलं. मी त्याच्या टाळूला नाक लावलं. वेखंड, कोमट तेल, आणि त्याखाली एक वास, ज्याला माझ्या सगळ्या धंद्यात नाव नाही. डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी केरबानं बाटली वर आणली. माझ्याकडे न बघता दिली.

वेखंड. कोमट तेल. आणि त्याखालचं ते.

मी धावलो.

बाळ वाकळेवर रडत होतं. शालू भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिची चोळी दुधानं भिजली होती.

"शालू, लेकरू रडतंय."

"कुनाचं हाय?"

सासूबाईंनी बाळ तिच्याजवळ नेलं. "आगं, तुजंच की!"

शालू वाकली. हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग हातानं दूर सारलं.

"ह्ये माजं न्हवं."

मिरजेहून डॉक्टर आणले. बाळंतिणींना असं होतं, उतरेल, म्हणाले. उतरलं नाही. बाळाला वरचं दूध पचेना. त्याचं रडणं बारीक होत गेलं.

मला मीठ आणि कोंडा आठवला.

केरबाला पुन्हा पेवात उतरवून ताजी बाटली भरून घेतली, तळहातावर ओतली आणि बाळाच्या टाळूवर चोळली. काळे ओघळ कानांवरून खाली आले. मी त्याला शालूसमोर धरलं.

ती वाकली. हुंगलं.

"आलास व्हय रं," ती म्हणाली, आणि त्याला छातीशी घेतलं.

पिंप त्याच दिवशी वर काढलं. पेवाला पाणी लागून माल गेला, असं मालकांना कळवलं आणि नोकरी सोडली. तेव्हापासून हरिपुरातच आहे. गाव घरजावई म्हणतं. म्हणू दे. मुलाला, सिद्धूला, अंघोळ घातली की मी रोज त्याच्या टाळूवर चार थेंब चोळतो. औषधी काढा आहे, असं सगळ्यांना सांगितलंय.

बाटल्यांत भरून पाहिलं. काचेत तो वास एक रात्रही टिकत नाही, तो त्या लाकडातच राहतो. आणि वर ठेवलं की दर उन्हाळ्यात लाकूड आपला वाटा पितं. पेवात परत ठेवलं तर थेंबही कमी होणार नाही, हे मी जाणतो. पण ते खाली पुन्हा कुणाला हुंगेल, हे मला माहीत नाही.

आज सकाळी पिंपाला टिचकी मारली. खालच्या कड्यापर्यंत पोकळ वाजलं.

दुपारी सिद्धू शाळेतून आला आणि पाटावर बसला. ताट वाढण्याआधी शालू रोज वाकून त्याचं डोकं हुंगते. आईची माया, असं शेजारणी म्हणतात.

आज ती जरा जास्त वेळ हुंगत राहिली.